हिरवं बिल्ड आणि बंद फाटक

रविवारी मिरजेला ध्रुवचा साखरपुडा होता, आणि शुक्रवारी सकाळी बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमधल्या त्याच्या ऑफिसात बिल्ड लाल झालं. बिल्ड म्हणजे ॲपची ताजी जुळणी; टेस्ट पास झाल्या तर हिरवं, नाहीतर लाल. गेले आठ महिने ते हिरवं होतं. त्या आनंदाप्रीत्यर्थ संध्याकाळी केक कापायचा होता. साहेबांचा, म्हणजे निपाणीच्या योगीराजांचा, नियम होता की ज्याच्या हातून बिल्ड लाल होईल त्याने ते हिरवं केल्याशिवाय घरी जायचं नाही. आणि आदल्याच दिवशी टेस्ट चालवणारा प्रोग्राम ध्रुवने नव्या आवृत्तीवर नेला होता.

कंपनी फाटकांसाठी ॲप बनवत असे. ॲप हो म्हणालं तर दांडा वर, नाही म्हणालं तर माणूस जागच्या जागी. माणसाच्या मर्जीवर काही ठेवायचं नाही, हे योगीराजांचं आवडतं तत्त्व. ऑफिसच्या फाटकावरही तेच ॲप होतं, आणि शेजारी बिल्डचा रंग दाखवणारा पडदा.

"नवा प्रोग्राम कंटेनरमध्ये एकही टेस्ट सापडत नाही म्हणतोय," ध्रुव म्हणाला. "माझ्या लॅपटॉपवर सगळ्या आहेत."

"कॅशे उडव, जुनं काही साठलं असेल," शेजारची शमिका म्हणाली. त्याने उडवली. मग तिने रीस्टार्ट सुचवला, तोही झाला. बिल्ड लालच राहिलं.

आईचा फोन आला. "निघालास का रे?"

"आई, बिल्ड लाल आहे."

"चालेल की. लाल शुभच असतं," आई म्हणाली.

अखेर ध्रुवने कंटेनर उघडूनच पाहिला. कंटेनर म्हणजे प्रोग्रामचा प्रवासाचा डबा, लागेल तेवढंच सामान भरायचं. त्यात टेस्टचं फोल्डरच नव्हतं. डबा हलका व्हावा म्हणून कुणीतरी ते वगळायची सूचना लिहून ठेवली होती. कुणी, ते विचारावं लागलं नाही. डबा हलका केल्याबद्दल मिळालेली ट्रॉफी योगीराजांच्या टेबलावर उभी होती.

ध्रुव भीत भीत केबिनमध्ये गेला. "सर, आठ महिने आपल्या टेस्ट चाललेल्याच नाहीत. जुन्या प्रोग्रामला काही सापडलं नाही की तो मुकाट्याने हिरवं दाखवायचा. नवा बोलून दाखवतो."

योगीराजांनी ट्रॉफी जरा बाजूला सरकवली. "ती सूचना काढून बघ."

त्याने काढली. टेस्ट धावल्या आणि धडाधड नापास झाल्या. पहिलीचं नाव होतं 'आत आलेल्या माणसाला बाहेर जाता आलं पाहिजे'.

"ॲपमध्ये बाहेर जाणाऱ्यांची नोंद आजच घातलीय ना? कुणाचं काम ते?" शमिकाने विचारलं.

"माझं," योगीराज म्हणाले. मग ध्रुवकडे वळले. "तुझी बस कधी?"

"संध्याकाळी, मडिवाळ्याहून."

"मग सूचना परत घाल, जुना प्रोग्राम परत आण. स्वल्प अडजस्ट कर. टेस्ट सोमवारी बघू."

ध्रुवला हे मुळीच पटलं नाही. पण साखरपुडा रविवारी होता. त्याने सांगितलं तसं केलं आणि बिल्ड हिरवंगार झालं. टाळ्या वाजल्या. बिल्ड हिरवं झालं की नवं ॲप आपोआप फाटकावर पोचे, तसं ते पोचलं.

केक खाऊन ध्रुव बॅग घेऊन खाली आला. फाटकावर खानापूरकडचा वॉचमन नागराज होता. त्याने फोनमधलं ॲप पाहिलं.

"सर, तुम्ही आत आलेलाच नाही म्हणतंय."

"अण्णा, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"मला दिसतंय. त्याला नाही." नागराज विचारात पडला. "आत न आलेल्याला बाहेर सोडायचं कसं?"

मिरजेत हॉल ठरला होता, मुलीचे मामा बेळगावहून निघाले होते आणि नवरामुलगा ऑफिसच्या आवारात अडकला होता.

"पार्सलला सोडतं का?" त्याने विचारलं.

नागराजने बोट फिरवलं. "परतीचं पार्सल, फुटणारं," तो पुटपुटला. दांडा वर गेला.

ध्रुव धावत रस्त्यावर आला तेव्हा मागे हॉर्न वाजला. योगीराज गाडीत होते, उरलेला केक मांडीवर.

"नागराज, मलाही पार्सल कर."

"केलं असतं, सर," नागराज नम्रपणे म्हणाला. "पण पार्सलसाठी गाडीचं फाटक उघडत नाही. आणि गाडी आत आलीच नाही म्हणतंय."

ध्रुव रिक्षात बसतो तोच योगीराजांचा फोन आला. "अरे ध्रुव, ती पहिली टेस्ट... काय करावं लागेल?"

ध्रुवने मागे वळून पाहिलं. फाटकावरच्या पडद्यावर बिल्ड अजून हिरवं होतं.

"सोमवारी बघू, सर," तो म्हणाला.