तंद्रीत तुटलेला बोल्ट

गुरुशांतला अकरा वाजता वळसंगला मुलगी बघायला पोचायचं होतं, आणि त्याच्या गाडीचा सायलेन्सर ट्रॅक्टरसारखा बोंबलत होता. "असल्या आवाजात गेलास तर पोरगी मागच्या दारानं पळंल की," आई म्हणाली. म्हणून रविवारी सकाळी सातलाच तो पाना घेऊन गाडीखाली शिरला.

इंजिनाला धरून असलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, भागात सायलेन्सरच्या पाइपचा एक बोल्ट सैल होता. गुरुशांत आवळू लागला. आवळता आवळता मनानं वळसंगला पोचला. ज्वारीवरून वारा येतोय, प्रियदर्शनी चहाचा कप पुढं करतेय, आपण काहीतरी छान बोलतोय... बोल्ट केव्हाच घट्ट झाला होता. हात मात्र फिरतच होता.

कट्! बोल्टाचं डोकं खाली पडलं, दांडा आतच राहिला.

पक्कड लावली, उरलेलं टोक झिजलं. छिन्नी मारली, तेही उडालं. शेवटी ते बिडाचं धूडच सोडवून त्यानं पोत्यात घातलं आणि शेजाऱ्याच्या स्कूटरवरून राजेश्वरीअक्कांच्या वेल्डिंगच्या दुकानात नेलं.

"काढायला आणलाय का गाडायला?" अक्कांनी बोटानं चाचपत विचारलं.

"अक्का, अकराला मुलगी बघायला जायचंय."

"मग गप बसा. बोल्टाला घाई कळत न्हाय. आन् डोळे मिटा."

तुटक्या दांड्यावर नट ठेवून त्या वेल्डिंग मारू लागल्या. मिटल्या पापण्यांतून निळा उजेड झिरपला, पत्र्यावर पारवे घुमत राहिले, आणि गुरुशांत पुन्हा वळसंगच्या वाटेला लागला. पहिला नट तुटला. दुसराही तुटला. दरवेळी अक्का बीड निवू देत, तेल पाजत, नटाला पाना लावून जरा पुढं, जरा मागं करत. दोन वाजता तिसऱ्या नटाबरोबर तो दांडा कुरकुरत बाहेर आला.

गाडी जोडून आईसह वळसंगला पोचेस्तोवर साडेपाच झाले. मुलीचे वडील शिवलिंगप्पा ओट्यावर तोंड फुगवून बसले होते.

"अकराचे साडेपाच? लई मोठी अडचण असंल."

गुरुशांतला खोटं सुचेना. "बोल्ट तुटून आत अडकला होता."

शिवलिंगप्पा ताडकन उठले. "मग निघाला?"

"व्हय. वर नट वेल्ड करून."

"पोहे ऱ्हाऊ द्या, हिकडं या!" त्यांनी त्याला हाताला धरून गोठ्यामागं नेलं. तिथं ट्रॅक्टर उभा होता आणि काठपदराच्या साडीतली प्रियदर्शनी त्याच्या इंजिनात अडकलेल्या तुटक्या बोल्टावर छिन्नी उगारून होती.

"छिन्नी नको!" गुरुशांत ओरडला. "मीबी तीच चूक केली."

ती थबकली. "तुमचा कसा तुटला?"

"आवळताना तंद्री लागली. इथं आल्यावर काय बोलायचं, त्याचा विचार चालला होता."

प्रियदर्शनीनं छिन्नी खाली ठेवली. "माझाबी परवा तसाच तुटला," ती हळूच म्हणाली. "रविवारी पाव्हणे येणार, म्हणून."

दोघंही बोल्टाकडंच बघत राहिली.

शिवलिंगप्पांनी आधी मुलीकडं बघितलं, मग पाहुण्याकडं. मग तिसरा बोल्ट तुटायच्या आत वाकून त्यांनी तिथले सगळे पाने गोळा केले आणि घरात नेऊन ठेवले.