इंजिनाला घोटभर पाणी

"मेकॅनिक कशाला? माझे हात काय मोडलेत?" थोरलीने अंगणातच जाहीर केलं. "शिलाई मशीन काय आणि बोट काय! तेल वेळेवर मिळालं की कुठलंच मशीन कुरकुरत नाही."

थोरलीचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे हे वाक्य ती देवाच्या साक्षीने शपथ घेतल्यासारखं म्हणायची. धाकटी शाळेत गाणं शिकवायची. तिने नुसता सुस्कारा सोडला, पण तोही सुरात.

बोट वडिलांची. ते गेल्यापासून ती अंगणात ट्रेलरवर ताडपत्री पांघरून पडली होती. आता गिऱ्हाईक मिळालं होतं, सोमवारी ते बोट न्यायला येणार होतं. त्याआधी आईला तळ्यावर एक फेरी मारून आणायची, हे थोरलीने ठरवून टाकलं. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुमची हौस असेल तर चला." बहिणींनी याचा अर्थ लावला, की बिचारी मन मारून जगतेय!

थोरलीने बोटीच्या मागचा पाय, म्हणजे पंखा फिरवणारा गिअरचा भाग, उघडायला घेतला. खालचा स्क्रू काढताच जुनं तेल आलं ते दुधाळ, पांचट चहासारखं!

"आत पाणी शिरलंय," ती गंभीरपणे म्हणाली. "पाणी अडवणारं सील गेलं."

पंखा काढून तिने नवं सील बसवलं. मग खालच्या भोकातून पंपाने ताजं तेल चढवलं. वरच्या भोकातून ते बाहेर यायला लागेपर्यंत ती हटली नाही, नाहीतर आत हवा अडकते. तोवर कोपरापर्यंत तिचेच हात तेलाने निथळत होते.

राहिलं इंजिन. पाण्यात असताना ते तळ्याचं पाणी ओढून स्वतःला गार ठेवतं, जमिनीवर ते आपण पाजावं लागतं. पाणी ओढायच्या भोकांवर तिने दोन रबरी वाट्या बसवल्या, हेडफोन घालावा तशा, आणि बागेची नळी जोडली.

"नळ सोड! आता किल्ली फिरव!"

इंजिन धडधडलं. थोरली डोळे मिटून, कान लावून बसली. गिअरमधून एक खट नाही, एक खुट नाही!

तेवढ्यात स्वयंपाकघरातल्या नळाची धार करंगळीएवढी झाली. भांडी खोळंबली म्हणून आई मागच्या दाराने आली. अंगणातला नळ वाहतोय, पोरींचं लक्ष नाही! तिने तो बंद केला, भांडी विसळली आणि मुलींचं काम अडायला नको म्हणून परत सोडला.

"काहीतरी करपतंय का गं?" थोरलीने विचारलं.

"आत दूध उतू गेलं असेल," धाकटी म्हणाली.

आत आईलाही तोच वास आला. तिला वाटलं, बोटीचा वास असाच असायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळ्यावर सगळं झोकात सुरू झालं. आई मधल्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी. बरोब्बर तळ्याच्या मध्यावर टींऽऽ करून भोंगा सुरू झाला.

"ताई, तुझा फोन!"

"फोन कुठला! इंजिन तापलंय!" थोरलीने किल्ली बंद केली, झाकण उघडलं, पाण्याचा पंप खोलला. आतलं रबरी चाक, पाणी ओढणारं, वितळून त्याचा चोथा झाला होता.

"हे कोरडं चाललंय. पण काल अंगणात पाणी तर चालू होतं!"

"भांड्यांपुरता नळ मी बंद केला होता," आई म्हणाली. "लगेच सोडलाही."

रागवायचं कुणावर? बोट हळूहळू गोल फिरायला लागली.

"तुझ्या बाबांबरोबर एकदाच आले होते इथे," आई पाण्याकडे बघत म्हणाली. "परतल्यावर विचारलं त्यांनी, कसं वाटलं? मी म्हटलं, आवाज फार होतो. त्यानंतर त्यांनी कधी बोलावलंच नाही." तिने पर्सचा बंद उगीच चाचपला. "नको म्हटलं नव्हतं गं मी. आवाज फार, एवढंच म्हटलं होतं."

थोरलीने तेलकट हात साडीला लागेल याची पर्वा न करता तिच्या खांद्यावर ठेवला. धाकटीने तोंड दुसरीकडे वळवलं.

शेवटी मासे धरणारं एक म्हातारं जोडपं वल्ही मारत आलं. त्यांनी दोर बांधला आणि एवढी धिप्पाड बोट त्यांच्या होडक्यामागे हट्टी म्हशीसारखी निघाली. दोघं वल्हवता वल्हवता भांडत होती. तो म्हणे डावीकडे, ती म्हणे उजवीकडे!

आई टक लावून त्यांच्याकडे बघत होती. मग पर्स बाजूला ठेवून तिने बोटं पाण्यात सोडली.

सोमवारी गिऱ्हाइकाला काय सांगायचं, या विचाराने थोरली घामाघूम झाली होती. तेवढ्यात आई खुशीत तिच्याकडे वळली.

"छान चालते की गं! तुझे बाबा उगीच ते इंजिन लावून फिरायचे!"