एकनाथरावांचं पोर्ट

देवदत्तचा आत्मविश्वास त्या सोमवारी नुसता उतू जात होता.

"साहेब, ऑफिसभर नेट वाटणाऱ्या सगळ्या स्विचच्या कॉन्फिग फायली माझी पायथन स्क्रिप्ट चुटकीसरशी वाचते! प्रत्येक टेबलाच्या नेटच्या वायरीला एक पोर्ट. ज्या पोर्टपुढं नाव नाही, तिथं कुणी बसत नाही. ते पोर्ट आपोआप बंद!"

"बघू की," म्हणत एकनाथराव केबिनमध्ये ऑनलाइन बैठकीला बसले.

शुक्रवार पेठेतल्या त्या शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात एकनाथराव मोठे साहेब, आणि देवदत्तला हवी होती त्यांची लेक श्रावणी! श्रावणी तर तयारच होती. "पोरगा कामाचा हाय का, ते आधी बघतो," म्हणून तिच्या वडिलांनी घोडं अडवलं होतं.

देवदत्तनं एंटर दाबलं. पडद्यावर भराभर ओळी धावल्या. झालं काम!

तोच केबिनमधून गर्जना आली. "देवदत्त! माझं नेट कुटं गेलं?"

"साहेब, स्क्रिप्ट म्हणते, तुमच्या जागेवर कुणी बसत नाही."

"मग हितं काय माझा फोटो बसलाय?"

देवदत्तला दरदरून घाम फुटला. त्यानं फाईल उघडली. पार शिपाई जोतिरामपर्यंत सगळ्यांची नावं होती, साहेबांच्या पोर्टपुढं तेवढं कोरं! नावं भरली होती ऑफिसातल्या प्रेमलाबाईंनी. म्हणजे साहेबांच्याच सौभाग्यवतींनी!

"मॅडम, साहेबांचं नाव राहिलं?"

"राहिलं कसलं? उखाण्याशिवाय यांचं नाव मी कधी घेतलं न्हाई बाई!"

"आता तरी घ्या, मॅडम! माझं लग्न मोडतंय!"

"मग होऊन जाऊ द्या की उखाणा!" जोतिराम ओरडला. अख्खं ऑफिस गोळा झालं. केबिनमधला आरडाओरडा एव्हाना थांबला होता, आणि देवदत्तला ती शांतता जास्त भयंकर वाटत होती. प्रेमलाबाईंनी पदर सावरला.

"निळ्या-पिवळ्या वायरींची स्विचपाशी दाटी,
एकनाथरावांचं नाव घेते बंद पडलेल्या नेटसाठी!"

टाळ्यांचा कडकडाट! देवदत्तनं नाव भरलं, पोर्ट चालू केलं. केबिनचं दार धाडकन उघडलं. संपलं सगळं!

"चालू कशाला केलंस रे?" एकनाथराव त्याच्या कानाशी कुजबुजले. "आधी घाबरलो. मग ध्यानात आलं, अध्यक्षांच्या भाषणातनं सुटलो की! लई दिवसांनी निवांत चहा प्यालो." आणि मोठ्यानं म्हणाले, "पोरगा कामाचा हाय! रविवारी आईवडिलांना घेऊन घरी ये."

देवदत्तनं धावत बाहेर जाऊन श्रावणीला फोन लावला.

"बाबांना स्क्रिप्ट आवडली?"

"लई!" देवदत्त म्हणाला. नक्की काय आवडलं, एवढं मात्र त्यानं शिताफीनं गिळलं.