मालक येईपर्यंत बंद करू नये

"तुमचा फॉर्म बुडतोय," अशी तक्रार सॉफ्टवेअर कंपनीत आली, तेव्हा प्रोग्रामर पोट धरून हसला. डिझायनर हसली नाही. तिला जन्मजात चौकशीची खोड होती, आणि फॉर्म बुडतो म्हणजे नेमकं काय होतं, या प्रश्नाने तिचं जेवण गोड लागेना.

तक्रार एका बस कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या ऑफिसातून आली होती. लोक बसमध्ये छत्र्या, चष्मे, डबे विसरतात, त्यांची नोंद करायचं सॉफ्टवेअर यांनीच बनवलं होतं. नोंद झाली की स्क्रीनवर सगळ्यात वर एक हिरवी पट्टी यायची, 'काळी छत्री. नोंद झाली.' पट्टीच्या टोकाला बारीकशी फुली. फुली दाबली की पट्टी गायब. ही फुली डिझायनरची. तिचा आकार, रंग आणि ती कडेपासून किती आत असावी यावर तिने तीन आठवडे खर्ची घातले होते, आणि तिच्या पाठीमागे सगळं ऑफिस तिला फुलीवाली म्हणत असे.

"त्यांचं ऑफिस तळघरात आहे," प्रोग्रामर म्हणाला. "तिथे सगळंच बुडतं. मशीन बंद करून चालू करा म्हणावं."

"तीनदा सांगून झालंय. मीच जाऊन बघते."

तळघरात छतापर्यंत रॅक होते आणि रॅकवर विसरभोळ्या माणसांचा अख्खा संसार. मधोमध एका खुर्चीत काकू बसल्या होत्या. सगळा डेपो त्यांना काकूच म्हणायचा, त्यांच्याहून चार वर्षांनी मोठा असलेला मॅनेजरसुद्धा. काकू माउसचं चाक फिरवत होत्या. स्क्रीनवरून हिरव्या पट्ट्या सरकत होत्या. छत्री, चष्मा, एका पायाचा बूट, छत्री. चाक फिरतच होतं. डिझायनरने घड्याळ बघितलं. चार मिनिटांनी पट्ट्यांखाली बुडालेला फॉर्म तळाशी दिसला. काकूंनी त्यात 'निळी पाण्याची बाटली' असं लिहिलं, बटण दाबलं, वर आणखी एक हिरवी पट्टी आली आणि काकू पुन्हा चाक फिरवायला लागल्या.

"काकू, या पट्ट्या तुम्ही बंद का नाही केल्या?"

"मालक आलाय का?"

"कुणाचा?"

"बाटलीचा." काकूंनी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खिळ्यांनी भरलेला जुना फळा होता. "आधी चिठ्ठ्या असायच्या. वस्तू आली की चिठ्ठी खिळ्याला. मालक घेऊन गेला की चिठ्ठी काढायची. चोवीस वर्षांत एकदाही आधी काढली नाही मी. काढली की वस्तू विसरली जाते गं. एकदा मालक विसरला, आता आपण विसरायची?"

डिझायनर तोंड उघडून बघत राहिली. तीन आठवड्यांत हा विचार तिच्या मनाला शिवला नव्हता. तेवढ्यात मॅनेजर आला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "हे बघा, एका नोंदीला दहा मिनिटं लागतायत यांना. शनिवारपर्यंत कामाला वेग आला नाही, तर ही खुर्ची दुसऱ्या कुणालातरी द्यावी लागेल. काकू मागे पार्सलं मोजतील."

काकूंनी खुर्चीवरची उशी नीट केली. डिझायनरला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण दोष काकूंचा नव्हताच.

मंगळवारी तिने पट्टीला पाच सेकंदांत आपोआप जायला शिकवलं. दुपारी मॅनेजरचा फोन आला.

"अहो, काय करून ठेवलंत? पट्टी गेली की काकू शिडी चढून रॅकवर बघतात, वस्तू जागेवर आहे का. सकाळपासून नऊ वेळा चढल्यात. मला शिडी धरावी लागतेय."

डिझायनरने ते घाईघाईने मागे घेतलं आणि बुधवारी 'सगळ्या बंद करा' असं एक बटण घेऊन स्वतः तळघरात गेली. ते कसं वापरायचं हे ती हळुवारपणे समजावणार होती. पण मॅनेजरला धीर कुठला? त्याने काकूंच्या खांद्यावरून हात घातला आणि बटण दाबलं.

तीनशे शहाऐंशी पट्ट्या एका झटक्यात गेल्या. स्क्रीन कोरी करकरीत. मॅनेजर खूश.

"बघा काकू, कसं मोकळं वाटतंय."

काकूंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी चष्मा पुसला, पहिल्या रॅकवरची पहिली छत्री उतरवली आणि म्हणाल्या, "सगळ्यांची नोंद परत करते. पट्ट्या परत यायला पाहिजेत."

नोंदी अजून आतच आहेत, हे डिझायनरने परोपरीने सांगितलं. "असतील," काकू म्हणाल्या. "मला दिसत नाहीत." आणि कामाला लागल्या.

शुक्रवारी संध्याकाळी सगळं सामान दुसऱ्यांदा नोंदवून झालं होतं. प्रोग्रामरने डोक्याला हात लावला आणि दुबार झालेल्या जुन्या नोंदी काढायला बसला. डिझायनर मात्र नोंदींच्या वेळा बघत बसली होती. बघता बघता ती ताठ झाली. पहिल्या तासात काकूंनी साठ नोंदी केल्या होत्या. दुसऱ्यात पन्नास. पट्ट्या वाढत गेल्या तसा वेग उतरत गेला आणि शेवटच्या तासात फक्त सहा.

शनिवारी सकाळी तिने ते आकडे कागदावर उतरवून कागद मॅनेजरपुढे ठेवला. "साहेब, तासाला साठ करणारं माणूस तुमच्याकडे दुसरं आहे का?"

मॅनेजरने आकडे दोनदा वाचले. बाकीच्या डेपोंत दिवसाला तीसच्या वर कुणी जात नव्हतं. हळू काकू नव्हत्या, तर फुलीवालीच्या पट्ट्या होत्या. ते तिने स्वतःच कबूल केलं, आणि पुढच्या आठवड्यात पट्ट्या फॉर्मवरून काढून स्क्रीनच्याच कडेला केलेल्या एका फळ्यावर नेल्या. मालक वस्तू घेऊन गेला की तिथली पट्टी आपोआप निघते. हाताने बंदही करता येते, पण काकूंनी ते कधी करून बघितलं नाही.

कागद वरच्या ऑफिसात गेला आणि तिकडून हुकूम आला, की काकूंनी पंधरा दिवस सगळ्या डेपोंत फिरून काम शिकवावं. तोवर खुर्ची कुणी सांभाळायची? माणूस शिल्लक नव्हतं, म्हणून मॅनेजर स्वतःच बसला.

तेराव्या दिवशी डिझायनरने सहज फोन केला. "काय साहेब, फळा जमतोय ना? नको असलेल्या पट्ट्या खुशाल बंद करा."

मॅनेजर खालच्या आवाजात म्हणाला, "एकाही पट्टीला हात लावलेला नाही मी. परवा काकू परत येतायत."