पहिल्या सुईचा मान

बोरपेठेत कुठलंही औषध घरातल्या थोरल्या माणसाने आधी घेतल्याशिवाय लागू पडत नाही. माणसांचं तसं, जनावरांचंही तसंच. म्हशीला जंताचं औषध द्यायचं तर आधी आजोबा ते चमचाभर पितात, तोंड वाकडं करतात, आणि मग म्हशीला बरं वाटतं. डॉक्टर लिमजे नवीन आले तेव्हा त्यांनी हा प्रकार मोडून बघितला होता. नऊ शेळ्या गेल्या. तेव्हापासून ते मुकाट दोन सुया भरतात. बोरपेठेत म्हातारी माणसं फार जगतात, कारण सगळ्यांची औषधं त्यांच्याच पोटात जातात.

शर्वरी बिडवेची कुत्र्याची दोन पिल्लं, फ्यूज आणि बटण, सोमवारपासून उलट्या करत होती. बुधवारी सकाळी बटणाने डोकं उचलणंच सोडलं. तिने दोघांना बुटांच्या खोक्यात घातलं आणि जनावरांचा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी बटणाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपत आलंय, ते म्हणाले. दुपारपर्यंत सुई आणि सलाईन गेलं नाही तर खोकं रिकामं न्यावं लागेल. कोर्स पाच दिवसांचा.

"अण्णांना घेऊन ये," ते म्हणाले.

अण्णा म्हणजे तिचे आजोबा, वय अठ्ठ्याहत्तर. एसटीत कंट्रोलर होते. माणसांना ताटकळत ठेवायची सवय रिटायर होऊनही सुटली नव्हती. कानटोपी शोधत शोधत ते साडेअकराला आले. बसायला खुर्ची मागितली, मग दुसरी मागितली, कारण पहिलीला हात नव्हते. बसल्यावर त्यांनी विचारलं, पिल्लं घरात आणताना मला विचारलं होतं का? शर्वरी नाही म्हणाली. नावं ठेवताना? तेव्हाही नाही.

"मग सुईच्या वेळीच मी थोरला कसा?"

प्रश्न बिनतोड होता. डॉक्टरांनीसुद्धा मान हलवली.

शर्वरीने माफी मागितली. धावत जाऊन नारळ आणला. अण्णांनी तो कानाशी हलवला आणि पाणी कमी आहे म्हणाले. मग खरी अट बाहेर आली. तिने दुसऱ्या वर्षी सोडलेला इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा परत सुरू करायचा, तसं आत्ता इथे लिहून द्यायचं.

"आणि लिहून दिलं तर?"

"तर विचार करतो."

"अण्णा, तो मरतोय."

"मलाही अठ्ठ्याहत्तर झालीत. मी कधी गाजावाजा केला?"

शर्वरीचे बाबा दाराशी उभे होते. अण्णांचं बरोबर आहे, ते म्हणाले. हे वाक्य ते लग्नाच्या आधीपासून म्हणत आलेत.

शर्वरीने डॉक्टरांना दुसरा मार्ग विचारला. बेवारस जनावरांसाठी नगरपालिकेने एक आजोबा नेमले होते, पण गेल्या आठवड्यात सतरा कुत्र्यांच्या सुया घेऊन ते रजेवर गेले होते. शिवाय ही पिल्लं बेवारस नव्हतीच. डॉक्टरांनी रजिस्टर दाखवलं: बिडवे यांच्या घरची.

"घर म्हणजे नक्की काय धरता तुम्ही?"

"एक चूल, एक घर," डॉक्टर म्हणाले.

शर्वरी अंगणात गेली. टाकीमागच्या तीन विटा आणून मांडल्या, चिंचेच्या काटक्या गोळा केल्या, समोरच्या टपरीवरून पातेलं, दूध, साखर आणि चहापत्ती आणली. काडेपेटी बाबांनी खिशातून काढून दिली आणि आपण दिलीच नाही असा चेहरा केला. चहा उकळला. डॉक्टरांनी घोटभर पिऊन बघितला आणि नवीन पानावर नोंद केली: कुटुंबप्रमुख शर्वरी बिडवे, वय वीस. खाणारी तोंडं तीन.

तिने बाही वर केली आणि पहिली सुई घेतली. मग डॉक्टरांनी पिल्लांना सुया दिल्या, मानेमागे कातडीखाली सलाईन सोडलं. दोघं छोट्या उंटांसारखी दिसायला लागली. चार वाजता बटणाने डोकं उचललं आणि डॉक्टरांचं बोट चावलं.

अण्णा अजून खुर्चीतच होते, पण आता ते दुसऱ्याच्या घरी आलेले पाहुणे होते. शर्वरीने त्यांना कपबशीत चहा दिला. साखर कमी आहे, ते म्हणाले.

"आमच्या घरी एवढीच घालतात," शर्वरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती खोकं घेऊन आली तेव्हा दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडरने खोकं टेबलावर घेतलं, डॉक्टरांनी सुया भरल्या, दोघेही पिल्लांशी लाडाने बोलले. शर्वरीला "या, बसा" म्हणायचं राहून गेलं. ती उभीच होती.

"मला कुणी विचारलं का?" ती म्हणाली.

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली आणि कंपाउंडरला हातांची खुर्ची आणायला पाठवलं. खोक्यातून फ्यूज आणि बटण मान वर करून तिच्याकडे बघत राहिले.