मॅडमळ जा!

ऑफिसात सगळे त्याला धडाधड म्हणत, कारण कुठलंही काम सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं, "हात्तिच्या! आत्ता करून देतो!"

ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सगळा कारभार मुलीच्या हाती सोपवला. गाडीतल्या स्पीकरवरून शिकणाऱ्यांना सूचना देणारं सॉफ्टवेअर धडाधडनेच बनवलेलं. नव्या मॅडमचा त्याला फोन आला, "सूचनांमध्ये जिथे जिथे 'सर' आहे, तिथे 'मॅडम' करा."

"हात्तिच्या!" म्हणत त्याने चहा निवायच्या आत काम उरकलं आणि शाबासकी घ्यायला स्वतः गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला!

स्टिअरिंगवर होते दातांचे डॉक्टर. लोकांच्या दाढा हसत हसत उपटणारा माणूस, पण क्लचवर पाय ठेवला की याचेच दात वाजायचे! गाडी निघाली. स्पीकर गोड आवाजात म्हणाला, "मॅडमळ जा!"

"म्हणजे? आता मॅडम चालवणार?" डॉक्टरांनी चक्क दोन्ही हात सोडले!

शेजारी बसलेल्या मॅडमनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी कचराकुंडीला टेकून थांबली. मॅडमनी मागे वळून बघितलं. "'सरळ'चं काय केलंत हे?"

धडाधडने घाईघाईने लॅपटॉप उघडला. "'सरळ'च्या पोटातला 'सर'सुद्धा बदलला हो यंत्राने! आता सुटा शब्द असेल तरच बदल, असं बजावतो. हे झालंच!"

गाडी पुन्हा निघाली. "सरळ जा," स्पीकर म्हणाला. धडाधडची छाती फुगली. "दुमॅडमा गियर टाका. आरशात बघायला विमॅडमू नका!"

"दुमॅडमा कुठे असतो हो?" डॉक्टर गियरचा दांडा ताक घुसळावं तसा फिरवू लागले. गाडी गचके खात बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्लोळ!

धडाधडचं डोकं गरगरलं. मग उजेड पडला. काना, वेलांटी, उकार यांना यंत्र अक्षर मानतच नव्हतं! 'दुसरा'मधला उकार आला की त्याच्या लेखी शब्द तुटला, काना आला की पुन्हा तुटला. मध्ये उरला सुटा 'सर'!

"काना-मात्रेसकट शब्द धर, असं सांगितलंय मॅडम. आता चुकलं तर नाव बदलेन!"

दुसरा गियर बिनचूक पडला. तिसराही! मॅडम हसणार, एवढ्यात स्पीकर म्हणाला, "अडचण आल्यास सरांना विचारा."

'सरांना' हा आता अख्खा वेगळा शब्द झाला होता, म्हणून तो बदललाच नाही! आज्ञाधारक डॉक्टरांनी गाडी बाजूला घेतली आणि सरळ सरांना फोन लावला.

"सर, अडचण आलीय!"

"मुलगी शेजारी बसलीय ना? मग तो स्पीकर बंद करा आणि तिचं ऐका," सर म्हणाले.

मॅडमनी बटण दाबलं. गाडीत शांतता पसरली. डॉक्टरांनी पहिल्यांदाच न अडखळता चौक पार केला.

"मॅडम, एकच मिनिट, शेवटचा बदल..." धडाधड मागून पुटपुटला.

डॉक्टरांनी समोर बघतच नम्रपणे विचारलं, "मॅडम, मागच्या सीटचं बटण कुठे आहे?"