लामत्याची लिली

एका हातात हिरवी झेंडी आणि दुसऱ्या हातात कुंडी घेऊन गाडी सोडणारा गार्ड मी आयुष्यात एकच पाहिला. गोविंदराव. बालाघाटहून नैनपूरकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर ते गार्ड होते. त्यांच्या डब्यातून टपालाच्या थैल्या आणि पार्सलं तर जातच, पण त्यांच्या जोडीला चार-सहा झाडंही रोज प्रवास करत. पानफुटी, कोरफड, ओवा, लिली. कुंडी म्हणजे तुपाचा रिकामा डबा, नाहीतर फुटक्या माठाचं बूड. एकदा तर एक कोरफड आंघोळीच्या तांब्यातून लामत्याला गेलेली मी पाहिली आहे.

साठ-बासष्टचा सुमार असेल. मी भंडाऱ्याहून नवीनच मास्तरीण होऊन आले होते. शाळा लामत्याला, आणि भाड्याची खोली बालाघाटला, रेल्वे क्वार्टरांच्या मागे. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. दोन्ही गाड्यांवर बहुतेक गोविंदरावच असत.

पहिल्याच आठवड्यात ते बायकांच्या डब्याच्या खिडकीशी आले. पांढऱ्या मिशा, कोटाचं वरचं बटण उन्हाळ्यातही लावलेलं.

"मास्तरीणबाई, तुमच्या खोलीले खिडकी हाये का?"

मी घाबरलेच. परक्या गावात परका माणूस खोलीची खिडकी विचारतो, म्हणजे काय समजायचं!

"आहे," मी म्हटलं.

"कोनत्या तोंडाची?"

"उगवतीकडची."

"मंग एक झाड देतो तुमाले. पन आधी जागा पाहून घेईन. असं कोनालेबी देत नाही मी."

आणि ते खरंच आले. खोलीत पाऊल टाकलं नाही, बाहेरूनच खिडकी न्याहाळली. कट्ट्यावरून बोट फिरवलं. ऊन किती वाजेपर्यंत असतं, पाणी नळाचं की विहिरीचं, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलात तर झाडाकडे कोण बघेल, सगळं विचारलं. नोकरीच्या मुलाखतीतसुद्धा मला इतका घाम फुटला नव्हता. दुसऱ्या दिवशी लिलीचे चार कंद लावलेला डबा माझ्या हातात आला. मी पास झाले होते.

अख्खी लाइन त्यांच्या झाडांनी भरली होती. मधल्या प्रत्येक स्टेशनावर तिकिटाच्या खिडकीखाली त्यांची पानफुटी. पोस्टमास्तर, कंपाउंडर, तांदळाच्या गिरणीचा मुनीम, कोणी सुटलं नाही. पानफुटीचं एक पान पडलं की त्याच्या कडेला आठ पिल्लं फुटतात, त्यामुळे घेणाऱ्याच्या घरीही दोन महिन्यांत तीच गत. लोक त्यांना चुकवू लागले. "गार्डसाहब आ रहे हैं," असं कोणी म्हटलं की प्लॅटफॉर्मवरची शहाणी माणसं वर्तमानपत्रात तोंड खुपसत. नवीन बदलून आलेला माणूस तेवढा अडके. एकदा रामपायलीची एक नवरी सासरी निघाली होती. डब्यात बसून हमसून हमसून रडत होती. गोविंदरावांनी तिच्या मांडीवर कोरफड ठेवली आणि म्हणाले, "घे बाई. सासरी हात भाजला तं कामी येईन." ती बिचारी रडायची थांबून झाडाकडे बघतच राहिली.

झाडांचं एवढं वेड असलेला माणूस, म्हणून एकदा मी त्यांना विचारलं, "काका, माझ्या शेजारणीच्या ओव्याला कीड पडली. काय करायचं?"

ते गोंधळले. "ओवा म्हंजे... ते काटेवालं का?"

"काटेवाली कोरफड हो."

"अस्सं. थांबा, इचारून सांगतो."

कोणाला विचारणार, ते मला त्याच आठवड्यात कळलं. काही कारणानं संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर गेले. ओसरीत खाटेवर यमुनाकाकू, म्हणजे त्यांची बायको, बसल्या होत्या. गुडघे धरलेले. सहा वर्षांत अंगणाच्या फाटकापलीकडे गेल्या नव्हत्या. भोवती डबेच डबे. खाटेवर बसूनच त्या पानं खोचत, कंद वेगळे करत, माती दाबत. समोर स्टुलावर गोविंदराव बनियनवर बसलेले, चहा निवून गेलेला, आणि साक्षीदारासारखी जबानी चाललेली.

"कंपाउंडरच्या घरी देली ना, ती ओसरीत ठेवली त्यायनं."

"भुईवर का पाटावर?"

"पाटावर."

"ऊन?"

"दहा वाजेपर्यंत."

"बायको कशी हाये त्याची? ध्यान देईन का?"

"देईन. बोलकी हाये. तिची माय तिरोड्याची हाये म्हने..."

माझ्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट का फिरलं होतं, ते मला तेव्हा समजलं. घरी याहून कडक परीक्षा होती. झाडांचं वेड काकूंचं होतं. हा माणूस नुसता हमाल आणि बातमीदार.

मग लामत्याच्या लिलीचं प्रकरण झालं.

लामत्याच्या स्टेशनावर त्यांनी एक लिली दिली होती. आठवड्याभरात तिथल्या स्टेशनमास्तरांनी माझ्यासमोरच सांगितलं, "गार्ड साहब, आपकी लिली तो बकरी खा गई. डब्बा बचा है, ले जाइए." गोविंदरावांनी रिकामा डबा गुपचूप घेतला आणि वाटेत कुठल्याशा ओढ्यात टाकला. घरी मात्र सांगितलं, लिली मजेत आहे. पुढच्या आठवड्यात सांगितलं, कळी आली. मग फूल आलं. मग एका डब्याचे तीन डबे झाले. न जगलेलं झाड इतक्या झपाट्यानं वाढताना मी दुसरं पाहिलं नाही.

आणि एका सकाळी ते खिडकीशी आले, तो चेहरा पार उतरलेला.

"मास्तरीणबाई, लई घोळ झाला. घरची म्हनते, मले लामत्याची लिली दाखवा."

"पण काकूंना चालवतं कुठे?"

"तेच म्हनलं मी. तं म्हनते, खुर्चीवर बसवून न्या. सहा वर्सांत काई मांगलं नाही तिनं. आता नाही कसं म्हनू?"

"माझ्या खिडकीतली ठेवू या का तिथे?"

"तुमची खिडकी तिले तोंडपाठ हाये," ते हताश होऊन म्हणाले. "रोज इचारते. अंगनातला एक कंदबी हालवला तं तिले समजते."

शेवटी नैनपूरच्या एका बंगल्याच्या माळ्याकडून त्यांनी लिलीचे कंद मिळवले आणि तीन डब्यांत लावून लामत्याला ठेवले. स्टेशनमास्तरांना सगळं पढवलं. बकरी महिनाभर खुंट्याला.

तो रविवार मला लख्ख आठवतो. रेल्वेच्या दोन खलाशांनी, म्हणजे मजुरांनी, काकूंना खुर्चीसकट बायकांच्या डब्यात चढवलं. काकूंनी हिरवं लुगडं नेसलं होतं. सोबतीला मी. वाटभर त्या खिडकीला चिकटून होत्या. भाताचे बांध, सागाचं जंगल, स्टेशनास्टेशनावरच्या त्यांच्या पानफुट्या. "हौ, हे माहीच," असं पुटपुटत मोजत होत्या.

लामता आलं. इंजिन पाणी घ्यायला थांबलं. गोविंदरावांनी स्वतः खुर्चीला हात लावला आणि काकूंना त्या तीन डब्यांसमोर नेऊन बसवलं.

नेमकी त्याच सकाळी लिली फुलली होती. गुलाबी! काकूंची लिली पांढरीशुभ्र. माझ्या खिडकीत दोनदा फुललेली मी पाहिली होती. गोविंदरावांच्या स्वतःच्या अंगणात दरवर्षी पांढऱ्या फुलांचा सडा पडे, पण या भल्या माणसाच्या ते ध्यानातच नव्हतं. छाती काढून उभे होते. "पाहा तुयी लिली!"

काकू खुर्चीतून पुढे वाकल्या. एका पाकळीला बोट लावलं.

"लई चांगली लागली," त्या म्हणाल्या. "पानी कोन टाकते?"

"मैं, माताजी! रोज!" स्टेशनमास्तर सलाम ठोकल्यासारखे पुढे आले.

गाडी गोविंदरावांना घेऊन नैनपूरकडे गेली. संध्याकाळी तीच परतणार, तोवर आम्ही दोघी स्टेशनाच्या सावलीत. मी आणलेल्या पोळ्या खाल्ल्या. हात धुऊन काकू एकदम म्हणाल्या,

"माही पांढरी व्हती, बाई."

मी काहीतरी सारवासारव केली. मातीच्या फरकानं कधीकधी रंग...

"राहू द्या. मातीनं फूल रंग बदलवत नाही. मेली का माही?"

"बकरीनं खाल्ली."

काकू हसल्या. इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. मग माझा हात धरून म्हणाल्या, "त्यायले सांगजा नोको."

"पण तुम्हाला राग नाही आला? इतके महिने खोटं..."

"राग कायचा? लगन झाल्यापासून पंधरा वर्सं हा मानूस ड्यूटीवरून ये, जेवे आन् झोपे. वाईट नव्हता, बाई. पन काय बोलावं, त्याले सुचतच नव्हतं. लेकरू राह्यलं असतं तं त्याच्यावरून बोलनं झालं असतं. तेबी नाही. मंग एक डाव पानफुटी लई झाली, मी म्हनलं, कोनाले देऊन टाका. त्या दिवशी संध्याकाळी येऊन घंटाभर बोलले. कोनाले देली, त्याच्या घरी कोन कोन हाये, म्हैस किती दूध देते. मले वाटलं, घरात कोनी पाहुना आला का काय."

त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला.

"लोक म्हनतेत, यमुनाबाईले झाड फेकवत नाही. फेकता येते, बाई. काहून नाही येत? पन मी एका पानाचे चार डबे करतो. डबे सरले तं हे बोलतीन कायचं?"

समोर रूळ उन्हात चमकत होते.

उन्हं उतरल्यावर गाडी आली. खलाशांनी काकूंना डब्यात चढवलं. गोविंदराव धावतच खिडकीशी आले. सकाळचं संकट टळल्यानं चेहरा फुललेला.

"अवं, आयकलं का? नैनपूरले एक नवीन डाक्टरीणबाई आली. एकटीच राह्यते. तिच्या घरी हे मोठी ओसरी..."

काकूंनी खिडकीच्या गजाला कपाळ टेकलं. घंटी झाली. इंजिनानं एक शिट्टी दिली, मग दुसरी, लांबलचक. स्टेशनमास्तर ओरडले, "गार्ड साहब, टाइम हो गया!" गोविंदराव दचकून वळू लागले.

काकूंनी गजातून हात घालून त्यांची बाही धरली.

"सावकाश सांगा," त्या म्हणाल्या. "गाडी काय तुमच्याबिगर जात नाही."